आज बोट नाही ना?

३ जानेवारी, शनिवार

आज दारात फळा टांगला! शाळेनं टाकून दिलेला होता. एका कोपऱ्यात कुणीतरी खिळ्यानं मासा कोरून ठेवलाय, तो काही जात नाही. राहू दे, बेटाचाच मासा आहे. वर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘पाहुण्यांसाठी आजचं हवामान’ आणि खाली पाच ओळी: ऊन, पाऊस, वारा, लाटा, बोट.

मला चोपन्नावं चालू आहे, पाहुण्यांसाठी तीन खोल्या आहेत, नवरा जाऊन सात वर्षं झाली, मुलगा सुराबायाला नोकरीत. जावाच्या समुद्रातल्या या करीमुनजावा बेटावर जानेवारीत बसून करायचं काय? पश्चिमेचा वारा सुटला की समुद्र उसळतो, पलीकडच्या जेपारा बंदराची बोट चार-चार दिवस बंद, खोल्यांतल्या उशांना बुरशी. बाकीचे खोलीवाले फोन करणाऱ्याला सरळ सांगतात, एप्रिलनंतर या. मी ठरवलंय, जे खरं आहे ते रोज लिहायचं. उकाडा इथं बारा महिने सारखाच. पाऊस येतो, तासभर धिंगाणा घालतो आणि जातो. वाऱ्याचं तेवढं सांभाळायचं. हे पाहुण्यांना कुणी नीट सांगतच नाही, आणि मग अदबीनं ‘बू’, म्हणजे बाई, लावून मला विचारतात, “बू मुर्वानी, पाऊस किती वाजता येईल?” पाऊस काय मी स्वयंपाकघरात झाकून ठेवलाय?

संध्याकाळी पाक कास्मुरी, म्हणजे कास्मुरीराव, फळ्यासमोर येऊन उभे राहिले. चाळीस वर्षं मासेमारी केलेला माणूस, बायको मागेच गेली, आता होडी फक्त सवयीनं काढतात. मी लिहिलं होतं, ‘उद्या तुरळक पाऊस.’ त्यांनी ते वाचलं, आकाशाकडे पाहिलं, खडू उचलला आणि ‘तुरळक’ खोडून ‘दणकून’ लिहिलं.

“हवामान खात्यानं तुरळक सांगितलंय,” मी म्हटलं.

“खातं जाकार्तात आहे, बू. ढग इथं आहेत.”

खवचट मेला.

४ जानेवारी, रविवार

दणकून आला. त्याबद्दल काही लिहिणार नाही.

६ जानेवारी, मंगळवार

फोन आला! सेमारांगहून एक मुलगी, रेंगानिस नाव. पाच-सहा दिवसांसाठी यायचंय म्हणे. लग्नाआधी एकटीनं एकदा कुठंतरी जाऊन यायचंय. लग्न पंचविसाला, सेमारांगलाच, आठशे माणसं. मी म्हटलं, हा महिना वाऱ्याचा आहे, बोट कधीकधी बंद राहते.

“जास्तीत जास्त किती दिवस बंद राहते, बुलिक?” लगेच बुलिक, म्हणजे मावशीच करून टाकलं मला!

“एकदा सतरा दिवस राहिली होती.”

“सतरा!” बिचारीचा श्वासच अडकला. मग मीच धीर दिला, की असं दर वर्षी होत नाही, या महिन्याच्या मध्याला वारा जरा दम खातो. आता खरं लिहायचं तर वारा दम खाईल की नाही ते मला काय ठाऊक. तिन्ही खोल्या रिकाम्या आहेत. खोटं नाही बोलले मी, आशा बोलले.

ती गुरुवारी येतेय.

८ जानेवारी, गुरुवार

आली. बारीक चणीची, मोठ्या डोळ्यांची, एका बँकेत कामाला आहे. बोटीत अर्धी माणसं ओकत उतरली आणि ही उड्या मारत उतरली. पाठीवर पिशवी, हातात दुसरी, त्यात सहा पुस्तकं. पाच-सहा दिवसांना सहा पुस्तकं?

सगळ्यात आधी फळ्यापाशी गेली. ‘लाटा: दीड मीटर’ वाचून म्हणाली, “एवढ्याच?” धीट दाखवतेय स्वतःला. शहरातली आहे, मनातून घाबरलेली असणार.

बुधवारी चौदाला परत जायचं ठरलंय.

९ जानेवारी, शुक्रवार

पाक कास्मुरी सकाळीच केळीच्या पानात दोन मोठे मासे बांधून घेऊन आले. “जास्त झाले,” म्हणाले. परवाही जास्त झाले होते. एवढे जास्त होतात तर कमी पकडावेत ना! फळा वाचायचं निमित्त आहे सगळं. माझी चूक कधी सापडते ते बघत असतात. आणि आज तर इस्त्रीचा शर्ट. मासे द्यायला इस्त्रीचा शर्ट! मला कमी लेखायचा नवा प्रकार.

माशांचं आंबटतिखट पिंदांग केलं. रेंगानिसनं दोनदा वाढून घेतलं.

१३ जानेवारी, मंगळवार

काल संध्याकाळपासून वारा फिरला. नारळाच्या झावळ्या पश्चिमेकडून एका बाजूला ओढल्यासारख्या. मी फळ्यावर लिहिलं, ‘उद्या बोट जाईल. लाटा पावणेदोन मीटर.’ हवामान खात्यानं तसंच सांगितलं होतं. पाक कास्मुरींनी ते पुसलं नाही. नुसतं शेजारी एक लहानसं प्रश्नचिन्ह काढून गेले. हे तर पुसण्यापेक्षा वाईट!

१४ जानेवारी, बुधवार

बंदर बंद. लाटा पावणेतीन मीटर. बंदरावरच्या साहेबांनी लाल झेंडा लावला आणि चहा प्यायला निघून गेले.

माझा चेहरा कुठं लपवू? ही पोर माझ्या फळ्यावर भरवसा ठेवून पिशवी भरून उभी! मी म्हटलं, “पोरी, माझं चुकलं.” तिनं फळा पाहिला, समुद्र पाहिला आणि मला कडकडून मिठी मारली. हसत होती आणि डोळ्यांत पाणी. धक्का बसला की माणसाला हसू आणि रडू एकदम येतं, असं मी ऐकलंय.

मग दिवसभर पावसात भिजत किनाऱ्यावर फिरली. मला भीती वाटतेय, डोक्यावर परिणाम तर होणार नाही?

१५ जानेवारी, गुरुवार

सकाळी सातला फोन. “नमस्कार, मी प्रामुद्य बोलतोय, सेमारांगहून. रेंगानिसचा होणारा नवरा. तिच्या फोनला तिकडे आवाज नीट पोहोचत नाही, म्हणून तुम्हाला त्रास देतोय. आज बोट नाही ना?”

“नाही हो.”

“आणि उद्या?”

“उद्याही कठीण दिसतंय.”

“बरं,” म्हणाला. “बरं, बरं.” किती समजूतदार मुलगा! लग्न दहा दिवसांवर, नवरी समुद्रापलीकडे, आणि आवाजात चीड म्हणून नाही. उलट थोडा हलकाच वाटला. देवानं अशी माणसं अजून ठेवलीत.

रेंगानिसला सांगितलं. ती म्हणाली, “तो फार चांगला आहे, बुलिक. सगळे म्हणतात.” आणि भाताचं ताट परत पुढं केलं. काहींना दुःखात भूक लागते.

१७ जानेवारी, शनिवार

सातला फोन. “आज बोट नाही ना?” नाही. “बरं, बरं.”

तिसरं पुस्तक संपलं तिचं. दुपारी पाऊस थांबला तेव्हा माझ्याबरोबर बाजारात आली, सगळ्यांशी बोलली, नेटानं मासळीवालीशी घासाघीस केली, हरली आणि खूश झाली. येताना विचारलं, “बुलिक, तुमचं लग्न कसं ठरलं होतं?”

“वडिलांनी सांगितलं, मी गेले.”

“आवडायचे तुम्हाला?”

“पहिली चार वर्षं नाही. नंतर सवय झाली आणि मग आवडायला लागले. चांगले होते.”

तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाली, “चार वर्षं म्हणजे खूप दिवस होतात.” हिशेब कसला करते कोण जाणे. बँकेत काम करते ना.

१९ जानेवारी, सोमवार

आज भयंकर फोन. प्रामुद्यची आई, बू हार्दिनी. आवाज असा, की मी उभी राहूनच बोलले. आठशे खुर्च्या आल्यात, मांडव घातलाय, दोन गाईंचा सौदा झालाय, आणि नवरी तुमच्या घरात मासे खात बसलीय म्हणे!

“बाई, समुद्र माझ्या हातात नाही.”

“मग तिला यायला सांगितलंत कशाला? तुम्हीच म्हणालात ना, मध्याला वारा दम खातो?”

तेच तर बोलले होते. माझ्या रिकाम्या खोलीपायी एका पोरीचं लग्न बुडतंय. मी छातीवर हात ठेवून वचन दिलं, “काळजी करू नका. तुमची सून मी स्वतः तुमच्या दारात आणून उभी करीन.”

फोन ठेवल्यावर पाय लटपटत होते. रेंगानिस दारात उभी होती. सगळं ऐकलं असणार. पांढरीफटक पडली होती. मी म्हटलं, “आता घाबरू नकोस, मी आहे ना!”

२० जानेवारी, मंगळवार

पाक कास्मुरींकडे गेले. स्वतःहून! तीन आठवड्यांत पहिल्यांदा. ते अंगणात जाळं विणत होते, मला बघून जाळ्यातच अडकले, दोन मिनिटं सुटेनात.

“तुमची होडी काढा,” मी म्हटलं. “मुलीला जेपाराला पोहोचवायचंय. रविवारी लग्न आहे.”

“लाटा तीन मीटर आहेत, बू.”

“चाळीस वर्षं समुद्रावर काढलीत म्हणता ना?”

“म्हणूनच चाळीस वर्षं काढली.” मग जाळं बाजूला ठेवून म्हणाले, “आणि एक विचारू? तुम्ही त्या पोरीला एकदा तरी विचारलंत, तुला जायचंय का म्हणून?”

“अहो, लग्न आहे तिचं! त्यात विचारायचं काय?”

“मी तेच म्हणतोय.”

तेच म्हणे! मला काही कळलं नाही. मी त्यांना भित्रे म्हटलं. चांगलं तीनदा म्हटलं. त्यांनी जाळं पुन्हा हातात घेतलं. येताना वाटेत मला जरा वाईट वाटलं, पण बोललेलं परत कसं घेणार? छपराच्या गळतीखाली परवा कुणीतरी पत्रा ठोकून गेलंय, त्याचे आभार मानायचेत, पण कोण होतं तेही कळलेलं नाही.

२१ जानेवारी, बुधवार

वारा पडला! पहाटे उठले तर झावळ्या सरळ. समुद्र दुधावरच्या सायीसारखा. बंदरावर हिरवा झेंडा, उद्या सकाळी सातला बोट. मी फळ्यावर लिहिलं: ‘ऊन: भरपूर. लाटा: पाऊण मीटर. बोट: जाणार, जाणार, जाणार!’ तिनंही वाचलं. आत गेली आणि दार लावून घेतलं. आनंदानं रडत असेल. मीही रडले.

सातच्या फोनला ओरडूनच सांगितलं, “बाळा, उद्या बोट आहे!” पलीकडे एवढी शांतता, की मला वाटलं फोन तुटला. मग म्हणाला, “बरं.” एकच. बोलवेना बिचाऱ्याला.

वचन दिलंय, तेव्हा मीही जाणार. सहा वर्षांत बेट सोडलं नव्हतं. चांगलं बाटिकचं सारोंग, आमचं लुंगीसारखं नेसायचं वस्त्र, कपाटातून काढलं, बुरशीचा वास येतोय.

२२ जानेवारी, गुरुवार, जेपारा

लगेच लिहून काढते.

बोट निघून तासभर झाला होता. समुद्र तळ्यासारखा आणि ही मुलगी ढसाढसा रडतेय. मी लिंबू पुढं केलं, पाठ चोळली. म्हटलं, “चारच तास, पोरी. लाटा तर नाहीतच, भ्यायचं काय?”

“बुलिक, मला लाटांची भीती वाटत नाही,” ती म्हणाली. “लाटा नाहीत त्याची वाटते.”

माझ्या हातातलं लिंबू खाली पडलं.

“मी मुद्दाम या महिन्यात आले. कुणीतरी म्हणालं, बोट बंद पडते. मला वाटलं, पडली तर पडली, कुणाचा दोष नाही, मला काही बोलावंच लागणार नाही. तुम्ही सतरा दिवस म्हणालात तेव्हा मला उडी मारावीशी वाटली.”

सगळं एकदम माझ्या डोळ्यांसमोर आलं. सहा पुस्तकं. ती मिठी. दोन-दोनदा वाढून घेणं. मी गाढव आहे! पाऊस, वारा, लाटा सगळं फळ्यावर लिहिते आणि घरातल्या पोरीच्या तोंडावर काय लिहिलंय ते दिसलं नाही. त्या भित्र्या माणसाला लांबून दिसलं.

“मग बोलली का नाहीस?”

“प्रामुद्यला वाईट वाटेल. तो इतका चांगला आहे. शाळेपासून आमचं ठरलंय. आणि बू हार्दिनी...” बरोबरच आहे, मी तो आवाज ऐकलाय.

पहिला विचार आला, जेपारालाच उतरून हिला लपवावं. दुसरा विचार, मी वचन दिलंय. तिसरा विचार यायला अर्धा तास लागला. मी म्हटलं, “हे बघ. नाही म्हणायचं तर म्हण, पण समुद्राच्या मागं लपून नको. त्याच्यासमोर उभी राहून म्हण. मी शेजारी उभी राहते.”

“तुमचे पाय लटपटतील, बुलिक.”

“लटपटू देत. तू लक्ष देऊ नकोस.”

२३ जानेवारी, शुक्रवार, सेमारांग

अरे देवा, अरे देवा, काय सांगू!

आठशे खुर्च्यांच्या मधून चालत गेलो, सगळ्यांना पांढऱ्या झालरी. बू हार्दिनी समोर. दिसायला आवाजापेक्षा बुटक्या आहेत. प्रामुद्य त्यांच्या मागे, उंच, चष्मा घसरलेला. रेंगानिसनं कुणालाही नमस्कार न करता सरळ त्याच्यासमोर जाऊन एका दमात सांगितलं, “प्रामुद्य, तू फार चांगला आहेस आणि मला हे लग्न करायचं नाही.”

मी डोळे मिटले. ओरडा ऐकू येईल म्हणून. ऐकू आलं ते हसू! डोळे उघडले तर तो खुर्चीवर बसून पोट धरून हसतोय, चष्मा हातात.

“मग तू बोलली का नाहीस?” तो म्हणाला. “मला वाटलं, तुला हवंय!”

“मला वाटलं, तुला!”

“मी रोज सातला फोन करत होतो! बोट नाही ऐकलं की मग मला नाश्ता जायचा!”

अगं बाई! ते ‘बरं, बरं’! मी त्याला समजूतदार समजून रोज देवाचे आभार मानत होते.

मग दोघं हसता हसता रडले आणि रडता रडता एकमेकांच्या खांद्यावर थापट्या मारायला लागले, परीक्षेत दोघंही नापास झाल्यासारखे. बू हार्दिनी पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसल्या. झालर सुटली. ती त्यांनी नीट बांधली. मग माझ्याकडे वळल्या.

“तुम्ही वचन दिलं होतंत.”

“सून म्हणाले होते खरं. पण दारात आणून उभी केली की,” मी म्हटलं. पाय लटपटत होतेच.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आता खुर्ची फेकतात असं वाटलं. पण डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मुलाला म्हणाल्या, “मला सांगता आलं नाही तुला? मी एवढी वाईट आहे?” तो त्यांच्या पायाशी जाऊन बसला. तेव्हा मी बाहेर आले. ते त्यांचं होतं.

२५ जानेवारी, रविवार, सेमारांग

दोन गाई कापून झाल्या होत्या. बू हार्दिनी म्हणाल्या, आठशेच्या आठशे येऊ देत आणि जेवू देत, मी उपाशी कुणाला पाठवणार नाही. तेव्हा आज मी आयुष्यातलं पहिलं असं लग्न जेवले, ज्यात लग्न नव्हतं. प्रामुद्य स्वतः वाढत होता. रेंगानिसचे वडील तिच्याशी बोलत नव्हते, पण तिच्या ताटात मांस वाढत होते. लोकांनी कुजबुज केली आणि दुसऱ्यांदा भात घेतला. बाई काय आहेत हो त्या हार्दिनी! मला निघताना एवढा मोठा डबा भरून दिला आणि म्हणाल्या, “पुढच्या वेळी हवामान सांगताना जरा विचार करा.”

२७ जानेवारी, मंगळवार, जेपारा

बंदर बंद. लाटा अडीच मीटर. बंदरासमोरच्या खोलीत डबा घेऊन बसलेय. आता कळलं, पाहुण्याला कसं वाटतं! दर तासाला उठून झेंडा बघते. मालकिणीला मी विचारलं, “पाऊस किती वाजता थांबेल?” आणि स्वतःचीच लाज वाटली.

पाक कास्मुरींना फोन केला. भित्रे म्हटलं त्याची माफी मागायची होती. पण त्यांनी उचलताच मी विचारलं, “फळा कोण लिहितंय?”

“मीच. आज लिहिलंय, ऊन नाही, पाऊस आहे, बोट नाही, बू मुर्वानी नाहीत.”

“हे काय हवामान झालं?”

“इथलं आज एवढंच आहे,” म्हणाले.

मग माफी मागायची राहूनच गेली. पत्राही तुम्हीच ठोकला होता का, असं मी विचारलं आणि ते “जास्त झाला होता” म्हणाले. पत्रा! जास्त! फोन ठेवल्यावर मी खिडकीशी बसून एकटीच हसत होते, मालकीण बघून गेली.

२९ जानेवारी, गुरुवार, बोटीत

अक्षर वाकडं येतंय, बोट डोलतेय.

सकाळी बेटावरून पहिली बोट जेपाराला लागली. तीच अर्ध्या तासात परत फिरणार, म्हणून मी डबा धुऊन पिशवीत टाकून धक्क्यावर उभी. आणि उतरणाऱ्यांत पाक कास्मुरी! इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. चाळीस वर्षं होडी चालवलेला माणूस, तिकीट काढून मोठ्या बोटीत कधी बसला नसेल.

“तुम्ही इथं कसे?”

“तुम्हाला न्यायला.”

“अहो, मी याच बोटीनं परत येत होते! तासांचा प्रश्न होता! चार तास ओकत आलात कशाला?”

“ओकलो नाही,” ते म्हणाले. ओकले होते, शर्टावर दिसत होतं.

परत निघालो. मी आधी ती माफी मागून टाकली, तीनदा म्हटलं होतं म्हणून तीनदा. त्यांनी मान हलवली. दोन तास लाटा मोजल्या. मग समुद्राकडे बघत म्हणाले, “घरी मी काही बोलायला लागलो, की तुम्ही चहा टाकायला उठता. फळ्यापाशी खडू घेऊन भांडता. बोटीत कुठं जाणार?”

मी खरंच उठायला निघाले होते. बसले.

“मला तुमच्याशी लग्न करायचंय,” ते म्हणाले. “तुम्हाला हवंय का ते विचारतोय. नको असेल तर आत्ता सांगा. आठशे खुर्च्या मांडल्यावर नको.”

माझ्या छातीत काय झालं ते मला लिहिता येत नाही. चोपन्नाव्या वर्षी असं व्हावं का, तेही कळत नाही. समोरची एक बाई पिशवीत तोंड घालून बसली होती, तिनं तोंड बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं. सगळी बोट माझ्याकडे बघतेय असं वाटलं. मला एवढं हसू आलं, एवढं, की उत्तर द्यायला दोन लाटा जाव्या लागल्या.

“वीस खुर्च्या पुरे,” मी म्हटलं.

त्यांनी हातातला रुमाल आधी पडू दिला, मग उचलला, मग पुन्हा पाडला. आणि मग बोटांवर मोजत वीस माणसांची नावं घ्यायला लागले. सतराव्या नावावर आमचं भांडण झालं, आणि आता समोर बेट दिसायला लागलंय, तरी आम्ही भांडतोच आहोत.